‘व’चा खण

इतर मुली माहेराहून कपाट आणतात, फ्रीज आणतात. मी छपाईची ट्रेडल मशीन आणली. पायानं मारायची, चाक गरगर फिरणारी, टेम्पोतून उतरवताना गल्लीतल्या सगळ्या बाप्यांना घाम फोडणारी.

खामगावला माझ्या बाबांचा छापखाना होता. बाबा गेल्यावर भावाला त्या जागेत मोबाइलचं दुकान काढायचं होतं आणि भंगारवाला काटा घेऊन दारात उभाच होता. मी म्हटलं, मशीन मला दे. भाऊ म्हणाला, “घिऊन जाय, मले काय लोणचं घालाचं हाय तिचं?” एरवी मला साधी साडी द्यायची तर तो आधी वहिनीच्या तोंडाकडे बघतो. मशीनच्या बाबतीत मात्र कर्णाचा अवतार झाला. मशीनबरोबर शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं आली, आणि ते ठेवायची लाकडी केसही आली. तिच्यात प्रत्येक अक्षराला स्वतंत्र खण असतो. खिळे उलटे वाचायला मी शाळेत सुलटं वाचायच्या आधी शिकले होते.

मोताळ्याला आमच्या घरात समोरची खोली रिकामी होती. म्हणजे तिथे सासऱ्यांची खाट होती आणि खाटेवर सासरे होते. आमचे मामाजी, भगवानराव, तहसीलमधून निवृत्त. त्यांनी खोली दिली, पण एक अट घातली. “घर माह्यं हाय, त नाव माह्यंच लागंल.” म्हणून पाटी लागली ‘भगवान प्रेस’. तेव्हापासून मी छापलेल्या प्रत्येक कागदाच्या तळाशी बारक्या खिळ्यांत ‘मुद्रक : भगवान प्रेस, मोताळा’ अशी ओळ असते. मामाजींनी आजवर शाईच्या डब्याचं झाकणही उघडलेलं नाही. पण कोणी आलं की खाटेवरूनच हात फिरवून म्हणतात, “हा आपला छापखाना.”

आमची कामं म्हणजे तेरवीच्या पत्रिका, भंडाऱ्याच्या पत्रिका, पावतीपुस्तकं. सकाळी कुकर लावायचा, पोरीची वेणी घालायची, डबे भरायचे आणि मग पाय मशीनवर ठेवायचा. तिसरी शिट्टी झाली की मशीन थांबवून गॅस बंद करायचा. रॉकेलनं हात पुसायचे, मग साबणानं धुवायचे, मग कणीक मळायची. “पोळीले शाईचा वास येऊन राह्यला,” असं मामाजी रोज म्हणतात आणि रोज पाचवी पोळी मागतात. सासूबाई रुखमाबाई माझ्या कागद वाळवायच्या फळ्यांवर कुरड्या घालतात. माझा नवरा नीळकंठ ज्युनियर कॉलेजात शिकवतो. तो कशावरही एकच उत्तर देतो, “बघू.” लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याचं एकही ‘बघू’ अजून बघून झालेलं नाही.

तर माझ्या धाकट्या दिराचं, विहंगचं लग्न ठरलं. तो पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, मुलगी श्रद्धा तीही तिथलीच. मुलीची आई घर बघायला येणार म्हटल्यावर मामाजींनी फर्मान काढलं.

“हे लोखंड हालवा इथून. पुण्याचे लोकं येऊन राह्यले. हॉल पायजे, सोफा पायजे. भंगारवाल्याले मी सांगून ठेवलं हाय.”

भंगारवाल्याला वेळेत यायला जमलं नाही, म्हणून मशीन वाचली. तिच्यावर फुलाफुलांची चादर टाकली आणि चादरीवर प्लास्टिकची फुलदाणी ठेवली. खिळ्यांची केस खाटेखाली सरकवली. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, कारण तोंड उघडलं असतं तर लग्न मोडलं असतं.

विहीणबाई आल्या. पुष्पांजलीताई. बाई चौकस. पोहे येईपर्यंत त्यांनी चादरीचं टोक उचललं होतं.

“अय्या, लेटरप्रेस! अहो, आमच्याकडे लोक वेडे झालेत याच्यासाठी! कागदात रुतलेली अक्षरं, हाताला लागतात बघा, काय ते सौंदर्य!” आणि त्या चारी बाजूंनी फोटो काढायला लागल्या.

मामाजींना रंग बदलायला सरड्याइतकाही वेळ लागला नाही. “खानदानी हाय ना ताई. लय जनं म्हनत होते इकून टाक, इकून टाक. म्या म्हनलं, जीव गेला तरी इकनार नाही. जपून ठेवली.”

मी पोह्यांची ताटली घेऊन उभी होते. त्यांच्या ताटलीत लिंबू पिळलं, जरा जास्तच.

झालं, लग्नाची पत्रिका याच मशीनवर छापायची असं ठरलं. विहीणबाईंनी सांगितलं, “मजकूर अगदी थोडा ठेवा. मोकळी जागा भरपूर. मोकळी जागाच बोलली पाहिजे.” मामाजी “हाव, हाव” म्हणाले आणि त्यांची पाठ वळताच खिशातून नावांची यादी काढली.

आमच्याकडची पत्रिका ज्यानं पाहिली नसेल त्याला सांगते. नवरानवरीला वर चार ओळी मिळतात. बाकी सगळी पत्रिका भाऊकीची. निमंत्रक वेगळे, विनीत वेगळे, व्यवस्थापक वेगळे, आणि ज्यांना कशातच बसवता येत नाही अशा पोरांची खाली ‘किलबिल’. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून आमच्याकडे सख्खे भाऊ शेताच्या धुऱ्यावर एकमेकांना रामराम करायचे बंद झालेत. आणि प्रत्येक पुरुषाला ‘राव’ पाहिजेच. गणेशराव, मोतीरामराव, झालंच तर ज्याचं नाक अजून त्याची आई पुसते तो चि. हरिओमराव. सुनांना या सगळ्यात रकानाच नाही. किलबिलीत बसायला मी मोठी पडते आणि निमंत्रकांत बसायला बाई पडते.

मी जुळणीला बसले आणि ‘व’ संपले.

खिळे म्हणजे काही फोनमधली अक्षरं नव्हेत की बोट दाबलं आणि उमटलं. खणात जितके ‘व’ आहेत तितकेच ‘व’ एका वेळी लागतात. ते ओतून देणारे कारखाने कधीच बंद पडले. माझ्या बाबांनी खिळे घेतले तेव्हा त्यांना कुठे माहीत की एवढे राव एकाच घराण्यात जन्माला येतील! तरी उपाय होता. पत्रिकेच्या डाव्या बाजूला निम्मी नावं छापायची, मग ती जुळणी सोडून ‘व’ खणात परत टाकायचे, तेच ‘व’ पुन्हा लावून उजव्या बाजूची निम्मी नावं छापायची. प्रत्येक पत्रिका मशीनमधून दोनदा काढायची. काम दुप्पट, पण रावांच्या मानापुढे माझ्या पिंडऱ्यांची काय किंमत?

डावीकडे मोताळ्याची आणि वरवट बकालची भाऊकी घेतली, सगळ्यांत वर मामाजी. उजवीकडे वडनेर भोलजी गावची सगळी शाखा आणि तळाची मुद्रकाची ओळ राहिली. डावी बाजू छापून झाली, पत्रिका खाटांवर वाळत घातल्या आणि मामाजींना स्पष्ट सांगितलं, “मामाजी, अर्धीच झाली हाय. वडनेरवाले बाकी हायेत.” टीव्हीवर कोणीतरी कोणावर ओरडत होतं. मामाजी तिकडेच बघत म्हणाले, “हाव, हाव.”

त्याच दिवशी विहीणबाई बस्त्यासाठी आल्या होत्या. लुगडी-धोतरं, शालू-शेले सगळं बांधून झालं. जेवताना त्या म्हणाल्या, “भगवानराव, एक मागू का? लग्नानंतर ही मशीन आम्हाला द्याल? मी हॉलमध्ये ठेवीन. वर काच टाकली की काय सुरेख टेबल होईल!”

“घिऊन जा ना ताई!” मामाजींच्या तोंडात घास होता, तोही अडला नाही. “मुलीच्या मायनं मांगतलं अन् आमी नाही म्हनाव? टेम्पो मी करून देतो.”

विहंगला तर आनंदानं उकळ्या फुटल्या. “बाबा, आधी मंगल कार्यालयात नेऊ. सोनेरी रंग मारू, लाइटिंग करू. सेल्फी पॉइंट! तिथूनच डायरेक्ट पुण्याला.”

माझ्या हातात वरणाचं भांडं होतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा भाताकडे पाहत म्हणाला, “बघू.”

“मामाजी,” मी म्हटलं, “ते माह्या बाबाची मशीन हाय.”

मामाजी हसले. “आता तुह्यं-माह्यं कायचं वं सूनबाई? घर त एकच हाय ना?”

पाटी लावायची तेव्हा घर त्यांचं असतं. द्यायची वेळ आली की घर एकच होतं, आणि दिली जाणारी वस्तू बरोबर सुनेची निघते. मी वरण वाढलं, आत गेले आणि ओट्याला टेकून उभी राहिले. मला रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला. बाबांच्या उजव्या चपलेनं घासून गुळगुळीत झालेली ती पायपट्टी, तिच्यावर आता पुण्यातले पाहुणे चहाचे कप हातात घेऊन पाय ठेवणार होते. शिवाय ती गेली की मी कोण? सकाळचा कुकर आणि संध्याकाळचा कुकर यांच्या मधली बाई. सासूबाई आत आल्या. त्यांनी माझ्या हातातलं वरणाचं भांडं घेतलं आणि म्हणाल्या, “माह्यंबी पितळंचं घंगाळ असंच गेलं होतं. नंदेच्या लग्नात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरीच्या शाळेत पालकसभा होती. मी तिकडे गेले आणि इकडे मामाजींना पंचांगात मुहूर्त सापडला. पत्रिका वाटायला आजच्यासारखा दिवस नाही! त्यांनी खाटांवरच्या पत्रिका उचलल्या, एक वाचून बघितली. वाचून म्हणजे काय, वरून सुरुवात केली, गणपती झाला, नवरानवरी झाले, मग ‘श्री. भगवानराव’ सापडले. आपलं नाव सापडलं की आमच्याकडे पत्रिका वाचून झालेली असते. उजवी बाजू कोरी दिसली त्यांना, नाही असं नाही. पण विहीणबाईंनी मोकळी जागा बोलली पाहिजे असं सांगितलं होतं ना, तीच ही, असं त्यांना वाटलं. त्यांनी एक पत्रिका देवापुढे ठेवली, बाकीच्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं आणि विहंगच्या मागे मोटरसायकलवर बसून निघाले. पहिला मान थोरल्या घराला, म्हणून थेट वडनेर भोलजी.

तिथे ते दारोदार गेले. प्रत्येक घरी चहा घेतला, प्रत्येकाच्या हाती पत्रिका देऊन म्हणाले, “पाहा, घरच्या छापखान्यात छापली.” त्यांनी पाहिली. पण पाहुणा पायरी उतरल्यावर पाहिली.

मोकळी जागा दुपारी बोलली.

मोतीरामकाका आले. मामाजींचे थोरले चुलतभाऊ, वडनेर शाखेचे कर्ते. आमच्या घरच्या कोणत्याही लग्नात पंगत वाढायला त्यांचीच मुलं-पुतणे उभे राहतात. ते बसले नाहीत, पाणी घेतलं नाही. हातातल्या पिशवीतून वडनेरला वाटलेल्या सगळ्या पत्रिका काढल्या आणि खाटेवर ठेवल्या. कुंकू लावलेली पत्रिका परत येणं म्हणजे काय ते आमच्याकडे पाळण्यातल्या पोराला कळतं. सासूबाईंनी तोंडाला पदर लावला.

“भगवान, आमच्या वडनेरात एकबी मानूस जितं नाही का बे? सगळ्यायची तेरवी जेवून आला का तू?”

मामाजींनी चष्मा लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाच्या पुढे वाचलं. डावीकडे वाचलं, उजवीकडे पाहिलं, मग पत्रिका उलटी करून मागे पाहिलं.

“सूनबाई, हे काय करून ठेवलं वं?”

“अर्धीच झाली हाय म्हून सांगतलं होतं मामाजी. तुमी हाव म्हनले.”

“मले वाटलं ते पुण्याची मोकळी जागा हाय!”

“मला तर तशीच आवडली होती,” विहीणबाई खुर्चीतून म्हणाल्या. त्या मुक्कामाला होत्या, संध्याकाळी आपल्या गाडीनं पुण्याला परतणार होत्या. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

“ते मले काई सांगू नको,” काका म्हणाले. “आज माह्या हातात नावाची पत्रिका पायजे, मोतीरामराव, समद्यात वर. नाही त वडनेरची एक मोटरसायकल लग्नाले येनार नाही. पंगत तू वाढ अन् तुह्या पुण्यावाल्यायले वाढाले सांग.”

मामाजींचा चेहरा माझ्याकडे वळला. त्या चेहऱ्यावर इतकी माया मी लग्नाच्या दिवशीही पाहिली नव्हती. “छापून देते ना आपली शरयू. आत्ता देते. नाही का वं बाई?”

मी शाईची तबकडी पुसत होते. पुसतच राहिले.

“देते. पन पहिले एक गोष्ट सांगा. ही मशीन कार्यालयात जानार नाही, पुण्याले जानार नाही, भंगारात जानार नाही. इथीच राह्यीन, याच खोलीत. हे तुमी आता सांगा, ताईच्या समोर अन् काकाजीच्या समोर. नाही त मी शाई धुऊन टाकतो.”

हो, ‘टाकतो’च म्हटलं. मला राग आला की माझं खामगाव बाहेर पडतं, तिकडे बायाही ‘टाकतो’च म्हणतात.

मामाजी कातावले. “अवं, शब्द देल्ला ना म्या विहीणबाईले! देल्लेली वस्तू वापस घेऊ का? इज्जत हाय का नाही?”

“शब्द तुमचा होता मामाजी. मशीन माही होती.”

इज्जत एकच, आणि तिला गिऱ्हाईकं दोन. एकीकडे विहीण, दुसरीकडे भाऊकी. मामाजी एकदा खुर्चीकडे बघत आणि एकदा खाटेवरच्या पत्रिकांकडे.

तेवढ्यात मोतीरामकाका गरजले. “भगवान! सुनंच्या माहेरची वस्तू तू कशी काय देल्ली बे? लाज नाही वाटली? लेकीबाईच्या जिनसाले हात लावत असतेत का?”

काकांनी स्वतःच्या सुनेचे सोन्याचे गोठ कुठे नेऊन ठेवलेत ते सगळ्या वडनेरला माहीत आहे. त्यांना न्यायाची चाड नव्हती, त्यांना राव पाहिजे होता. पण न्याय आमच्याकडे असाच येतो, कोणाच्या तरी मानाच्या गाडीवर मागे बसून. आला तर मी त्याला परत कशाला पाठवू?

“बाबा, मशीन शरयूची आहे,” माझा नवरा म्हणाला. स्पष्ट, खणखणीत आवाजात. निकाल लागल्यावर जिंकलेल्या बाजूनं बोलायला नीळकंठ कधी उशीर करत नाही.

मामाजींनी मान खाली घातली. “ताई, माफ करा. मशीन… सूनबाईची हाय. इथीच राह्यीन.”

“अहो, मला वाटलं तुम्हाला नकोच आहे ती,” विहीणबाई म्हणाल्या, आणि त्या खरंच ओशाळल्या. त्यांचं काही फारसं चुकलं नव्हतं. पण त्यांची नजर लगेच अंगणात गेली. “मग तो दगडी पाटा-वरवंटा तरी…?”

“न्या ना बाई,” सासूबाई पदराआडून म्हणाल्या. “माह्यी कंबर सुटंल.”

मग मी जुळणीला बसले. वडनेरची शाखा माझ्याभोवती उभी राहिल्यासारखे काका एकटेच उभे होते, आपलं नाव उलट्या खिळ्यांत शोधत. डाव्या बाजूची जुळणी मी सकाळी शाळेत जायच्या आधीच सोडली होती. मोताळ्याच्या रावांचे ‘व’ आता वडनेरच्या रावांना लागत होते. सकाळी भगवानरावांच्या शेपटाला असलेला खिळा आता मोतीरामरावांच्या शेपटाला होता, आणि दोघांचाही मान राहिला. हे मी दोघांनाही सांगितलं नाही. वडनेरच्या सगळ्या रावांना पुरून चार-दोन ‘व’ उरले, ते परत खणात टाकले.

मशीनवर पाय ठेवला. चाक फिरलं, खटक-धप, खटक-धप. पायाखालची पट्टी नेहमीसारखीच थोडी सैल होती. मला इतकं बरं वाटलं की कुकरची तिसरी काय, चौथी शिट्टीही मी होऊ दिली. आतून सासूबाईंनी गॅस बंद केला.

काका नाव असलेली पत्रिका खिशात घालून, आता पाणीही पिऊन, चहाही घेऊन गेले. विहीणबाई पाटा-वरवंटा घेऊन गेल्या, त्याच्या वजनानं त्यांच्या गाडीची डिकी खाली बसली होती. मामाजी खाटेवर टेकले. उद्या पुन्हा वडनेरला दारोदार जायचं होतं.

“सूनबाई,” ते जरा वेळानं म्हणाले, “पुढच्या पत्रिकेत तुह्यंबी नाव टाकत जाय. कुठीतरी.”

“टाकलं हाय मामाजी,” मी म्हटलं. “कुठीतरी.”

त्यांनी एक ताजी पत्रिका उचलली. या वेळी ते शिकले होते. गणपतीपासून वाचत आले, निमंत्रक वाचले, विनीत वाचले, वडनेरच्या एकेका रावावर बोट ठेवलं, किलबिलसुद्धा वाचली. मग बोट तळाच्या बारक्या ओळीवर आलं आणि तिथेच थांबलं. ‘मुद्रक : शरयू, मोताळा.’

“हे काय वं? भगवान प्रेस कुठी हाय?”

मी शाईचा रूळ पुसून जागेवर ठेवला आणि खिळ्यांची केस बंद केली.

“‘व’ संपले, मामाजी.”